धनेशचं नॉइज गेट

पेणजवळच्या जोहे गावातल्या धनेशची इलेक्ट्रिक गिटार तारेला हात लागायच्या आधीच घूं घूं करायची. धाकट्या बहिणीने, मनालीने, लग्नाआधी बजावलं, "दादा, पाठवणीला माझी धून वाजवायचीच. पण ती घूं घूं नको हां. सासरची मानसं हसतील." ती धून त्याने तिच्या दहावीच्या अभ्यासाच्या दिवसांत तिच्यासाठीच बसवली होती, अगदी हळुवार.

धनेशने मनावर घेतलं. गणपतीच्या कारखान्यातून सुटला की तो सोल्डरिंगला बसे. पेणच्या बाजारातून सुटे भाग आणून त्याने मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात नॉइज गेट बनवलं. तार छेडली की आवाज सोडायचा, हात थांबला की अडवायचा, एवढंच त्या डब्याचं काम. घरी डबा शहाण्यासारखा वागला.

मांडवात मात्र जनरेटर होता, दिव्यांच्या माळा होत्या. घूं घूं दुप्पट झाली. धनेशने डब्याचं बटण पिळलं, आणखी पिळलं, तेव्हा कुठे ती थांबली.

"एकदम क्लीन!" बँडवाला आदेश म्हणाला. धनेशची छाती फुगली.

मनाली आईच्या गळ्यात पडली, तशी त्याने धून धरली. आवाजच नाही! त्याने वायर हलवली, अ‍ॅम्पचा स्पीकर थोपटला. एवढं बटण पिळल्यावर घूं घूंबरोबर हळुवार धूनही अडणार, हे त्या घाईत सुचणार कसं? बोटं बिचारी फिरत राहिली, धून संपली. शेवटी चिडून त्याने सगळ्या तारांवर हात मारला.

"ठँण्ण!"

गाडीपुढे फोडायला नारळ घेऊन उभे असलेले केरूकाका दचकले आणि तो नारळ थेट नवरदेवाच्या पायावर पडला.

"बंद कर रं ते!" आई, इंदुबाई, ओरडली. "पोरीला सुखानं रडू तरी दे!"

नवरदेव लंगडत गाडीत बसला आणि गाडी मनालीला घेऊन सासरी, रोह्याला, निघूनही गेली. धनेश डब्याकडे बघत उभा राहिला. बहिणीने एकच गोष्ट मागितली होती, तीही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मनालीचा फोन आला. "दादा, रागवू नको हां. मी एवढी रडत होते, तुझी धून मला ऐकूच आली नाय. वाजवलीस ना?"

"अख्खी वाजवली गो."

"सासरे सांगतात, त्यांनी ऐकली. डोळ्यांत पानी आलं म्हनं त्यांच्या."

आता खरं सांगावं, तर तिचे सासरे पहिल्याच दिवशी खोटे पडणार. धनेशला फार वाईट वाटलं, पण ‘बरं झालं’ म्हणून तो मोकळा झाला.

"माझंच चुकलं रे दादा, एवढं रडायला नको होतं," मनाली म्हणाली.