अण्णांच्या कानातली लिफ्ट

रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता मिस्त्रीनं जाहीर करून टाकलं, "उद्यापासून मी संगणक अंगावर घालणार."

"घाला की," बायको म्हणाली. "फक्त धुवायला टाकू नका म्हणजे झालं."

मिस्त्री म्हणजे लिफ्टचा मिस्त्री. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, त्या शाफ्टमध्ये या माणसानं सव्वीस वर्षं काढलेली. पण कंपनीनं नव्या बनावटीची लिफ्ट आणली आणि घोडं अडलं. तिच्या तपासणीच्या बावीस पायऱ्या. सगळ्या क्रमानं. मिस्त्रीचा क्रम दोनदा चुकला. एकदा माहितीपुस्तिका हातातून सुटून थेट तळाला गेली, एकदा घामानं चष्मा घसरला. साहेबांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारी दहा वाजता माझ्यासमोर करायचं. पुन्हा चुकलास तर मंगळवारपासून फोनवर बसायचं."

फोनवर बसायचं म्हणजे दिवसभर 'लिफ्ट अडकली का, आत किती माणसं आहेत' असं विचारत राहायचं. हातात पाना नाही, अंगाला ग्रीस नाही. मिस्त्रीला ते जन्मात जमलं नसतं.

म्हणून हा संगणक. दोन्ही हात कामात असताना पुढची पायरी कानात सांगणारा. दुरुस्तीच्या दुकानातून काडेपेटीएवढा संगणक आणला होता, तो साबणाच्या डबीत बसवला. गाडी मागे घेताना बघायचा छोटा पडदा भंगारातून मिळाला, तो अण्णांच्या बीपी मोजायच्या पट्ट्यानं डाव्या हाताला बांधला. बॅटरी इमर्जन्सी दिव्यातली. हे सगळं सामान बायकोच्या कंबरदुखीच्या पट्ट्यावर. आणि उजव्या कमरेला दारावरच्या घंटीचं बटण, कोपरानं दाबायला. कोपर लागलं की पुढची पायरी. पुस्तिकेतला मजकूर त्यानं दोन रात्री बसून आत भरला होता, आणि एक यांत्रिक बाई तो खणखणीत आवाजात वाचून दाखवणार होती.

"घंटी काढलीत?" बायकोनं विचारलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

ती भाजी आणायला गेली. मिस्त्री मागच्या खोलीत स्टुलावर चढला, वायरलेस इअरफोन कानात घातला आणि डबी सुरू केली. पडद्यावर अक्षरं आली, 'उपकरण जोडले'. त्यानं कोपर दाबलं. पडद्यावर पहिली पायरी उमटली, पण कानात चिडीचूप. आवाज वाढवला. तरी काही नाही. मग पार शेवटापर्यंत वाढवला.

आता पुढच्या खोलीत काय झालं ते सांगायला हवं. तिथं अण्णा, म्हणजे मिस्त्रीचे वडील, आरामखुर्चीत बसले होते. महिन्यापूर्वीच त्यांना कानातलं नवं यंत्र घेतलं होतं आणि दोनच मिनिटांपूर्वी त्यांनी त्याचा सेल बदलला होता. ही नवी यंत्रं सेल बदलला की आपल्याशी कोण जोडून घेतंय याची वाट बघत बसतात. मिस्त्रीच्या डबीला सगळ्यात आधी तेच सापडलं. त्यात दुकानातल्या मुलीनं अण्णांना बजावलं होतं, "यंत्र मधून मधून बोलेल हं आजोबा. ते सांगेल तसं करायचं." आणि अण्णांचा जन्म गेला रेल्वेच्या सिग्नलवर. हुकूम आला की पाळायचा, का म्हणून विचारायचं नाही.

"पायरी पहिली," बाई अण्णांच्या कानात म्हणाल्या. "मुख्य वीजपुरवठा बंद करा."

अण्णा उठले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

आत पंखा थांबला. 'वीज गेली वाटतं,' मिस्त्री मनात म्हणाला, 'पण आपलं यंत्र बघा कसं चालू आहे.' त्याची छाती फुगली. त्यानं पुन्हा कोपर दाबलं.

दुसरी पायरी होती सूचना लावण्याची. अण्णांनी कागदावर वळणदार अक्षरात 'काम चालू आहे, आत येऊ नये' असं लिहून बाहेरच्या दाराला लावलं. तिसरी पायरी होती, यंत्रखोलीत कोणी नाही याची खात्री करा, हाक मारा. यंत्रखोली कुठली, हा अण्णांना प्रश्नच पडला नाही. ज्या खोलीत मुलाची यंत्रं पडलेली असतात ती.

"आत कोणी आहे का?"

"मी आहे की अण्णा," असं म्हणता म्हणता मिस्त्रीनं कोपर दाबलं.

ते उत्तर अण्णांपर्यंत पोचलंच नाही, कारण बाई बोलत असल्या की यंत्र बाहेरचं काही ऐकूच देत नाही. बाई म्हणत होत्या, "पायरी चौथी. यंत्रखोलीला कुलूप लावा. चावी स्वतःच्या खिशात ठेवा."

कडी वाजली. कुलूप वाजलं. मिस्त्री स्टुलावरून उतरून दाराशी आला, ढकललं, ओढलं, मग मुठीनं बडवायला लागला. फोन बाहेर चार्जिंगला. आणि गंमत अशी, की मूठ दारावर आपटता आपटता मधूनच कोपर बटणावर आपटत होतं. हा आतून जितका ठोकत होता, तितका बाहेर अण्णांना कामाचा रेटा येत होता.

पाऊण तासानं बायको परतली. दारावर सूचना, घरातले पंखे बंद, आणि स्वयंपाकघरात अण्णा फतकल मारून बसलेले. कपाटाचं एक दार निखळून भिंतीला टेकवलेलं, बशीत चार स्क्रू ओळीनं, आणि बिजागऱ्यांना शिलाई मशीनचं तेल.

"अण्णा, हे काय चाललंय?"

अण्णांनी ओठावर बोट ठेवलं. "थांब सूनबाई. बाई पुढचं सांगतील आता."

"कोण बाई?"

"कानातल्या."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. अण्णांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. नसलेल्या माणसांशी बोलता बोलता शेवटी त्यांना घरातली असलेली माणसंही ओळखू येईनात. आधी बीपी तरी बघू म्हणून ती यंत्र शोधायला लागली, तर मागच्या खोलीतून आवाज आला, "अगं, दार उघड."

"अहो, तुम्ही आत? अण्णांना काहीतरी झालंय. त्यांना कुणी बाई ऐकू येतायत."

साहेब, फोन, बावीस पायऱ्या, सगळं मिस्त्रीच्या डोक्यातून गेलं. काकांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना भरवायला तोच जायचा. अण्णांचं तसं झालेलं बघायचं बळ त्याच्यात नव्हतं. "चावी घे त्यांच्याकडून," तो कसाबसा म्हणाला.

"देत नाहीयेत. बाईंनी अजून सांगितलेलं नाही म्हणतात."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. कोपर बटणाला लागलं.

"आता काय, तर दोराला हात लावून ताण पाहा म्हणतायत," बाहेरून बायकोचा रडवेला आवाज आला. "कपडे वाळत घालायची दोरी ओढत बसलेत हो."

मिस्त्रीची नजर हातावरच्या पडद्यावर गेली. 'पायरी बारावी. दोराला हात लावून ताण पाहा.'

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग सावकाश, मुद्दाम, कोपर दाबलं. "आता काय म्हणाल्या? विचार लवकर."

"घंटी वाजवून पाहा म्हणाल्या. अहो, घंटीचं बटण कुठाय?"

'पायरी तेरावी. घंटी वाजवून पाहा.'

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो आधी हसला, मग हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि दाराच्या फटीला तोंड लावून त्यानं सगळा प्रकार बायकोला सांगितला. ती तिथंच भिंतीला टेकून बसली. "मी इकडं अर्धी मेले," ती म्हणाली. "थांबा, बाहेर या फक्त."

पण बाहेर यायला बाविसावी पायरी गाठणं भाग होतं. अण्णा कुणाचं ऐकेनात. उरलेल्या नऊ पायऱ्या मिस्त्रीनं आतून एकेक करून दाबल्या, अण्णांनी एकेक करून पार पाडल्या, आणि बायको दाराशी उभी राहून 'झालं, दाबा पुढची' असं म्हणत राहिली. शेवटी वीज आली, सूचना निघाली, कुलूप उघडलं.

सगळं कळल्यावर अण्णा परत आरामखुर्चीत जाऊन बसले. "पहिल्यांदा मलाही दादाची आठवण झाली," ते म्हणाले. "घाबरलो. पण म्हटलं, वेड काही इतक्या शिस्तीत येत नाही. आणि खरं सांगू, निवृत्त झाल्यापासून बारा वर्षांनी कुणीतरी मला काम सांगत होतं. बरं वाटलं."

सोमवारी दहा वाजता मिस्त्री सगळा साज चढवून शाफ्टच्या तोंडाशी उभा राहिला. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय लोंबतंय अंगावर? नियम माहीत नाही? काढ सगळं."

पट्टा निघाला, पडदा निघाला, साबणाची डबी निघाली. पुस्तिका घरी राहिलेली. मिस्त्रीनं डोळे मिटले आणि त्याला थांबलेला पंखा दिसला. मेन स्विच. मग अण्णांचं वळणदार अक्षर. मग ती हाक. मग कुलूप, बशीतले चार स्क्रू, शिलाई मशीनचं तेल, वाळत घालायची दोरी. बावीसच्या बावीस पायऱ्या त्यानं न अडखळता केल्या.

"पाठ केलंस वाटतं," साहेब म्हणाले.

"अंगवळणी पडलं, साहेब." शाफ्टमधलं ग्रीस हाताला चोळत तो लहान मुलासारखा खुशीत घरी आला.

घरी साबणाची डबी बायकोनं ताब्यात घेतली. दुपारभर बसून तिनं आतल्या बावीस पायऱ्या पुसल्या आणि आपल्या भरल्या. संध्याकाळी मिस्त्री जरा पाय पसरून पडला होता, तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी दोनदा बटण दाबलं.

अण्णा ताडकन उठले. "पायरी पहिली," ते मिस्त्रीपुढं येऊन उभे राहिले. "कपाटाचं दार परत बसवा. पायरी दुसरी, मुलाला उठवून ते धरायला लावा."

"अण्णा, आत्ताच तर आलोय मी."

"ते बाईंना सांग," अण्णा म्हणाले.

मिस्त्रीनं मुकाट्यानं पक्कड उचलली. अजून वीस पायऱ्या होत्या, आणि शेवटची होती घंटी परत दाराला लावायची.