निद्रिस्त राजकन्येच्या जागृतीची शास्त्रोक्त पद्धत

कन्येला वळण लावणे हे समाजाचे आद्य कर्तव्य होय. आणि ते वळण तिच्या नकळत लागावे, एतदर्थ पूर्वसूरींनी परीकथा निर्माण केल्या. शिस्तीचे इतके स्वस्त साधन अन्य कोणत्याही शास्त्रात आढळत नाही.

हुबळीच्या कमरीपेठेतील आमच्या सुविचार-प्रसारक मंडळाने १९९८ साली या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. सात सदस्यांच्या समितीने (सातही पुरुष, विषय नाजूक असल्याने) अकरा कथा तपासल्या. अकरा राजकन्यांपैकी पाच निद्रिस्त, तीन बुरुजात कोंडलेल्या, दोन केर काढणाऱ्या आणि एक मुकी निघाली. स्वतःचे घर असलेल्या, वनौषधी जाणणाऱ्या आणि मनातले स्पष्ट बोलणाऱ्या स्त्रिया नऊ आढळल्या. त्या सर्व चेटकिणी होत्या. निष्कर्ष उघड होता. वार्षिक संमेलनात निद्रिस्त राजकन्येचे नाटक बसवावे, असे एकमताने ठरले.

राजकन्येच्या भूमिकेसाठी सातवीतली भार्गवी निवडली गेली. ही मुलगी चारशे मीटर धावत असे, आणि जिल्हा संघाची निवड संमेलनाच्याच दिवशी साडेपाच वाजता धारवाडच्या मैदानावर होती. वर्षभर तिने त्याचीच तयारी केली होती. तिची ही खोड मोडावी, या उदात्त हेतूनेच तिला झोपण्याचे काम देण्यात आले. "चारला नाटक संपेल," असे समितीने तिला वचन दिले. चेटकिणीच्या भूमिकेला एकाही सदस्याची पत्नी तयार होईना, म्हणून ती सभागृह झाडणाऱ्या दुर्गव्वेला मिळाली. (तिला वेगळ्या वेषभूषेची गरज नाही, असे समितीचे मत पडले.)

पुढे एक अडचण आली. मूळ कथेत राजपुत्र ज्या उपायाने राजकन्येला उठवतो, तो उपाय आमच्या व्यासपीठावर सर्वथा वर्ज्य. तीन बैठकांनंतर मी नम्रपणे सुचवले की राजपुत्राने अक्षता टाकाव्यात. सूचना सर्वांना पवित्र वाटली. अक्षता म्हटल्यावर मंगलाष्टके आलीच. मंगलाष्टके म्हटल्यावर अंतरपाट आला. अंतरपाट आल्यावर मुहूर्त काढणे भाग पडले. तो चार वाजून बावीस मिनिटांचा निघाला.

त्या दिवशी दुर्गदबैलाच्या बाजारातून आणलेला शालू नेसून भार्गवी पलंगावर निजली. समोर तीनशे बारा प्रेक्षक मुठीत अक्षता घेऊन उभे राहिले. चिटणीस विठ्ठलराव, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी मंगलाष्टके आरंभली. आठ परंपरेची, सहा स्वरचित.

चौथ्यानंतर राजकन्या डोळे न उघडता म्हणाली, "विठ्ठलकाका, किती राहिली?"

"गप ग. निजलेल्या मुली बोलत नसतात."

"मला धारवाडची बस गाठायचीय हो!"

"जाशील की. लग्न तर लागू दे!"

सभागृह प्रसन्न हसले. पाचवे सुरू झाले. सहाव्याच्या मध्यावर चेटकिणीचा धीर सुटला. दुर्गव्वा विंगेतून गरजली, "एळव्वा, एळ! बस्स होगतैती!"

ऊठ बाई, बस चालली, एवढाच त्या मंत्राचा अर्थ. परंतु परिणाम तत्काळ झाला. राजकन्या उठली. शालूखाली धावण्याची चड्डी होती आणि पायांत धावण्याचे बूट. अंतरपाटाखालून ती निसटली. गडबडीत एक बूट मात्र व्यासपीठावरच राहिला.

समितीने तिथल्या तिथे बैठक घेतली. बूट मागे राहिल्यास राजपुत्राने स्वामिनीचा शोध घ्यावा, असा अन्य कथेत आधार सापडला. राजपुत्र म्हणजे वकिलांचा मुकुल, नववीतला.

"अहो काका, भार्गवीचा आहे तो. आत्ता तर गेली!"

"ओळख ग्राह्य नाही," विठ्ठलराव म्हणाले. "पायात घालून पाहावा लागेल."

सभागृहातील तेवीस मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभे करण्यात आले. सातव्या मुलीपर्यंत तपासणी झाली असता राजपुत्राने शिस्तभंग करून बूट उचलला आणि बाशिंगासह स्थानकाकडे धूम ठोकली. चालत्या बसच्या खिडकीतून त्याने बूट आत दिला. "आणि ते बाशिंग काढ रे, ध्यान दिसतोयस!" राजकन्या म्हणाली. (पुढे उभयतांचा विवाह झाल्याची नोंद नाही.)

इकडे विठ्ठलरावांनी उरलेली मंगलाष्टके पूर्ण केली. मुहूर्त साधला. तीनशे बारा मुठी उघडल्या आणि रिकाम्या पलंगावर अक्षतांची वृष्टी झाली. कोणालाही काही कमी वाटले नाही. मग जिलेबी झाली. अहवालात "मंगलकार्य निर्विघ्न पार पडले" अशी नोंद आहे. तिच्याखाली माझीही सही आहे.

भार्गवी संघात निवडली गेली.

वाचकहो, बूट वेळेवर पोचेल का, याची काळजी आपल्याला लागली. हा आपला चांगुलपणा. परंतु वधू बारा वर्षांची आहे, डोळे मिटून पडली आहे, आणि तिला कोणी काही विचारलेले नाही, हे वाचताना आपण कोणत्या ओळीवर थांबलात? मीही थांबलो नव्हतो. तेव्हा तीनशे तेरावी मूठ आपली समजावी.

भार्गवीच्या पायांना बळ मिळो. दुर्गव्वेचा कंठ शाबूत राहो. आणि अजून जे निजले आहेत, त्यांची बस सुटण्यापूर्वी त्यांनाही कोणीतरी हाक मारो.