मागे राहिलेला वटवट्या

शांताकाकूंच्या फाटकासमोरून कुणालाच सरळ जाता येत नाही. त्या दुर्बीण घेऊन ओट्यावर बसलेल्या असतात आणि माणूस दिसला की दबक्या आवाजात हुकूम सोडतात, "बिलकुल हालू नका." दुधाची पिशवी हातात धरून मी कितीदा तसाच उभा राहिलोय. समोर अंगणातला कडुलिंब, त्यात वटवट्या. मातकट, चिमणीहून बारीक पाखरू.

हे वटवटे थंडीत दूर उत्तरेकडून आमच्या कुंभार पिंपळगावला येतात आणि उन्हं तापली की परत निघतात. पुण्याच्या मुलानं, दत्तानं, दुर्बीण आणून दिल्यापासून या जाण्यायेण्याची जबाबदारी काकूंनी घेतली आहे. मला सगळे वटवटे सारखेच. काकू म्हणतात, "हा कालचा न्हाई. कालचा मुकाट होता, हा बडबड्या हे." मी मान हलवतो. मान हलवल्याबद्दल बोलणी खातो.

यंदा चैत्रात सगळे गेले, एकच मागे राहिला. काका गेल्यापासून काकू घरात एकट्याच, म्हणून दत्ता त्यांना कायमचं पुण्याला न्यायला येणार होता. काकू फोनवर म्हणायच्या, एवढं पाखरू जाऊ दे, मंग येते. त्यानं विचारलं, ते कधी जाणार? काकू म्हणाल्या, त्याचंच ठरंना झालंय.

मग एका सकाळी त्या दुर्बीण मांडीत ठेवून बसलेल्या दिसल्या. "गेलं, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात दत्ता गाडी घेऊन आला. काकूंनी त्याला लिंबाखाली नेलं, दुर्बीण दिली आणि एका फांदीकडे बोट दाखवलं. तिथंच बसलंय म्हणाल्या. मी गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

दत्तानं बराच वेळ शोधलं. "आई, मला तर पानच दिसून राह्यलं." मग त्यानं दुर्बीण माझ्याकडे दिली.

मी पाहिलं. पानच होतं.

"दिसलं," मी म्हणालो. "जरा आत सरकलंय."

दत्ता एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, बरं, दिवाळीनंतर बघू. काकूंनी त्याच्या डिकीत ज्वारीचं पोतं आणि लोणच्याची बरणी ठेवली. गाडी वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या.

परत येऊन ओट्यावर टेकल्या. किती तरी वेळ लिंबाकडे बघत होत्या. मग हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "खरंच दिसलं का हो तुम्हाला?"