होल्डवरची किंचाळी

छातीठोकपणे सांगतो, पॉवर बॅलड पूर्ण ऐकूनही ज्याच्या अंगावर काटा येत नाही तो माणूस नव्हे, वॉशिंग मशीन आहे! आणि वॉशिंग मशीनबद्दल मला कुणी शिकवू नये. मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुट्या भागांचं स्टोअर मी बावीस वर्षं सांभाळतोय.

ज्यांना पॉवर बॅलड म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. झिपऱ्या वाढवून, डोळ्यांत काजळ घालून, चित्त्याच्या ठिपक्यांच्या विजारीत गिटारी बडवणारे हार्ड रॉकवाले बाप्ये असतात ना, ते प्रेमात पडून रडवेले झाले की जे गातात ते पॉवर बॅलड. सुरुवात एकदम हळू. एक गिटार, एक गळा, एक दुःख. ऐकणारा सैल होऊन बसतो. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी ड्रम कोसळतात, गायक किंचाळतो, गिटारवाला डोळे मिटून सुटतो आणि शेवटी पुन्हा सगळं शांत होतं. त्या शांततेसाठीच तर मधला सगळा दंगा!

हे मला ठाऊक आहे, कारण मीही त्यातलाच. एकतीस वर्षांपूर्वी आमचा बँड होता, ‘पोलादी पाकळ्या’. हसू नका. मी गायक होतो. तेव्हा मला केस होते, इतके, की दारातून आधी केस आत यायचे आणि मग मी! आम्ही एकच गाणं रेकॉर्ड केलं. त्यात माझी एक तान आहे. तान कसली, किंचाळीच. अकरा सेकंद, एका दमात, शब्दाशिवाय! आणि अगदी शेवटच्या ओळीत, जेव्हा फक्त गिटार उरते, तेव्हा मी हळूच म्हणतो, ‘चिमणे, परत ये.’

चिमणी म्हणजे आमची ही. तेव्हा ती माझ्याशी भांडून निघून गेली होती. पुढे ती परत आली, लग्न झालं, अठ्ठावीस वर्षं झाली, पण ती ओळ तिनं अजून ऐकलेली नव्हती! ड्रम सुरू झाले की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, तो पत्रा बडवणं बंद करा!” आणि मी बंद करायच्या आधी स्वतःच येऊन बटण दाबायची. शेवटी तुझं नाव आहे गं, असं मी कधी सांगितलं नाही. सांगून ऐकवायचं तर मग गायचं कशाला? ऐकायचं तर तिनं आपण होऊन, शेवटपर्यंत, हा माझा हट्ट. बटण दाबायचं हा तिचा.

मग एके दिवशी डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात नाही तर नाही, जगाला ऐकवीन! आमच्या कंपनीच्या टेलिफोनचा डबा माझ्याच स्टोअरमध्ये, ड्रेन पाइपांच्या फळीवर बसवलेला आहे. तक्रारवाला होल्डवर गेला की त्याला ऐकू येणारं टिंगटिंग संगीत त्याच डब्यातून जातं. होल्डवरचा माणूस म्हणजे हक्काचा श्रोता. त्याला बटणच नाही!

रीतसर परवानगी घेतली. साहेबांनी कानाला हेडफोन लावला आणि चाळीस सेकंद ऐकून काढला.

“छान आहे,” ते जांभई देत म्हणाले. “झोप येते. चिडलेल्या गिऱ्हाइकाला असंच हवं.”

“साहेब, पुढे ऐका ना, खरी मजा—”

“पुढे तेच असणार की हो. लावून टाका!”

आता यात माझी काय चूक? सोमवारी सकाळी मी कॅसेटवरून उतरवलेलं गाणं पेन ड्राइव्हमधून डब्याला जोडलं आणि स्वतःच स्वतःला होल्डवर टाकून पाहिलं. काय तो आवाज! डोळे पाणावले.

दहा वाजता टेलिफोन सांभाळणाऱ्या ताई स्टोअरच्या खिडकीशी आल्या.

“काका, काय लावलंय तुम्ही? एक गृहस्थ होल्डवरून उतरायलाच तयार नाहीत! मी बोलायला लागले तर म्हणतात, थांबा हो, गिटार चाललीय!”

मी टेबलावर मूठ आपटली. एकतीस वर्षांनी पहिला चाहता मिळाला होता! त्याचं मशीन दोन दिवस पाणी सोडत नव्हतं आणि तरी तो माझं गाणं सोडत नव्हता.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. डब्यातलं गाणं प्रत्येकासाठी नव्यानं सुरू होत नाही. ते आपलं गोल गोल चालूच असतं. जो होल्डवर येईल तो मधेच आत पडतो, चालत्या पाळण्यात बसल्यासारखा. कुणी हळुवार गिटारीत पडतो, कुणी गिटारवाल्याच्या सोलोत. आणि अकरा वाजून सात मिनिटांनी एक निवृत्त शिक्षिका नेमक्या माझ्या किंचाळीत पडल्या!

त्यांची तक्रार होती की मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. ताई म्हणाल्या, “एक मिनिट हं बाई, मेकॅनिकला विचारते,” आणि होल्ड दाबला. पुढच्याच क्षणी बाईंच्या कानात धडाधड काहीतरी कोसळलं आणि एक पुरुष अकरा सेकंद जीव खाऊन किंचाळला.

बाईंनी काय समजावं? मेकॅनिकला शॉक बसला! त्यांनी फोन ठेवला आणि थेट अग्निशमन दलाला लावला. नुसतं कळवून थांबतील तर त्या शिक्षिका कसल्या! “माणूस जिवंत असेपर्यंत पोहोचा,” असं बजावलं.

बंब सात मिनिटांत दारात! हेल्मेटवाले सहा जवान पाइप ओढत आत आले. त्यांच्यापुढे मोठ्या मिशांचे बंबवाले साहेब.

“शॉक कुणाला बसला?”

आमचे साहेब खुर्चीतून उठले. त्यांच्यासमोर मुख्य कार्यालयातून तपासणीला आलेल्या मॅडम बसल्या होत्या. आजचाच मुहूर्त मिळाला होता त्यांना!

“कुणालाच नाही,” साहेब म्हणाले. “फोनमध्ये बिघाड असेल. खरखर झाली असेल.”

खरखर! माझ्या तानेला खरखर!  मी गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. साहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलंही. पण अठ्ठावीस वर्षं घरात पत्रा म्हणवून घेतलं होतं, आता ऑफिसातही खरखर? मी पाइपावरून उडी मारून पुढे झालो.

“खरखर नव्हे! तो मी आहे! मी किंचाळलोय!”

“कधी?” बंबवाल्या साहेबांनी वही काढली.

“एकतीस वर्षांपूर्वी!”

त्यांनी पेन खाली घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. शिक्षिकाबाईच होत्या, त्या माणसाची चौकशी करायला. ताईंनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

“तुम्ही जिवंत आहात?” बाई म्हणाल्या.

“हो बाई!”

“मग एवढं ओरडायला काय झालं होतं?”

“प्रेम झालं होतं, बाई!”

“बरं,” बाई म्हणाल्या, “पण दम चांगला आहे,” आणि फोन ठेवला.

बंबवाले साहेब मात्र ऐकेनात. अहवालात आवाजाचं कारण लिहायचं तर आवाज ऐकायला हवा, तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत! आमचे साहेब म्हणाले, “कशाला, थोडा ऐकला तरी—” बंबवाले साहेब म्हणाले, “अर्धवट ऐकून मी सही करत नाही.” असा माणूस मला आधी का नाही भेटला!

ताईंनी गाणं इमारतीच्या घोषणांच्या भोंग्यांवर जोडलं. तेवढी एकच मोठी सोय होती. चारही मजल्यांवर गिटार झरू लागली. पहिली दोन मिनिटं तपासणीच्या मॅडम मान डोलवत होत्या. कोपऱ्यातल्या जाड्या मेकॅनिकनं तर भारावून, रॉकच्या कार्यक्रमात करतात तसा, लायटर पेटवून हात वर केला! मी त्याला मिठीच मारणार होतो, पण सहा जवान त्याच्यावर धावले.

आणि दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली.

धडाम! मागोमाग मी, अकरा सेकंद! वरच्या मजल्यांवर खुर्च्या सरकल्या, दारं आपटली आणि जिने दणाणले. विमावाले, शिकवणीवाले, दातांचा डॉक्टर आणि त्याच्यामागे गळ्यात फडकं बांधलेला आ वासलेला पेशंट, सगळे धावत खाली! दीड मिनिटात एकशे चाळीस माणसं रस्त्यावर.

एक बाई तेवढ्या चालत आल्या. अगदी सावकाश, पर्स सांभाळत. आमची ही! ती तिसऱ्या मजल्यावर चष्म्यांच्या दुकानात काम करते. किंचाळी कुणाची हे वरच्या मजल्यांवर तिला एकटीलाच ठाऊक होतं.

“अहो, आता इथेही पत्रा?” म्हणत तिनं सवयीनं बटण शोधायला हात पुढे केला.

“हात लावू नका!” बंबवाले साहेब गरजले. “सरकारी काम चालू आहे!”

हात तसाच राहिला. सोलो झाला. ड्रम थांबले. एकटी गिटार उरली आणि बावीस वर्षांचा मी भोंग्यातून हळूच म्हणालो, ‘चिमणे, परत ये.’

हिनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मला एकदम फार भरून आलं. वाटलं, साहेबांनी आत्ता नोकरीवरून काढून टाकलं तरी चालेल.

“शेवटी हे होतं?” ती म्हणाली.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

तिनं डोळे पुसले. म्हणाली, “मग हे एवढंच गायचं होतं ना! मधलं सगळं कशाला?”

तर मंडळी, गाणं होल्डवर आजही आहे. साहेबांच्या हुकमानं सुरुवात आणि शेवट जोडून टाकलाय, मधलं काढलंय. हिची सूचना! पण मधलंही फुकट गेलेलं नाही. इमारतीचा आगीचा भोंगा चार वर्षं बंद होता, हे त्याच दिवशी बंबवाल्या साहेबांच्या लक्षात आलं. नवा येईपर्यंत सरावासाठी माझे अकरा सेकंद लावावेत असं त्यांनी लेखी दिलंय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता, माझा आवाज लागताच, चार मजल्यांवरची एकशे चाळीस माणसं ताडकन उभी राहतात! बसून राहणारा एकही नाही. असा मान कुठल्या गायकाला मिळाला असेल, सांगा बरं!

उभी राहून ती दाराकडे धावतात, हे खरं आहे.