रखमाजी तात्यांची बिडी सोडवणूक समिती

वाईट सवय सोडणं हे येकट्या माणसाचं काम न्हाई. त्याला समिती लागती.

आमच्या वस्तीवर रखमाजी तात्यांनी बिडी सोडायची ठरवली, तवा ही गोष्ट सगळ्यांच्या लगेच ध्यानात आली. त्यांची लेक मंगलअक्का उत्रोलीला दिलेली, तिला पोरगी झाली. अक्कानं फोनवर सांगितलं, "तात्या, तोंडाला बिडीचा वास हाय तवर नात मांडीवर मिळायची न्हाई. महिन्यानं येती. वास घीन, मग ठरवीन." भोरचा डॉक्टर म्हणला, तलफ पाच मिनटं टिकती, तेवढा वेळ हाताला दुसरं काम लावा.

सबब, समिती स्थापन झाली. सदस्याला किमान वीस वर्सं बिडी वढल्याचा अनुभव पायजे (रोग म्हाईत नसलेला वैद्य काय कामाचा?). अध्यक्ष अमृतअण्णा. सदस्य शिवऱ्याचे झुल्फिकारभाई, दुधाचा टेम्पो घिऊन रोज वर येत्यात. सल्लागार मी. सोडायचा अनुभव माझ्याइतका कुणालाच न्हाई. नववीत शाळा सोडली, ती आजतागायत परत धरली न्हाई.

तपासणी रोज सांजच्याला. अध्यक्ष तात्यांच्या उजव्या अंगाला, भाई डाव्या अंगाला बसून बिड्या पेटवायचे आन् धूर तात्यांच्या तोंडावर सोडून निर्धार किती पक्का हाय ते बघायचे. पक्का निघाला की खात्रीसाठी आणखी येक पेटवायचे. माझं डोस्कं फिरायचं. पण सल्लागारानं सल्ला द्यायचा असतो, तो बी मागितला तर (कुणी मागितला न्हाई).

तात्या मातूर तलफ आली की घायपाताचा वाख घ्यायचे, येक टोक दातात धरायचे आन् दावं वळायचे. आधी दिसाला चोवीस बिड्या व्हत्या, आता चोवीस येळा दावं. पंधरा दिसांतली प्रगती: समद्या शेळ्यांना नवी दावी. करडांना दावी. कुत्र्याला दावं (त्यानं जन्मात गळ्यात काय बांधून घेतलं न्हवतं, दोन दिस जेवला न्हाई). कोंबड्याला. बादलीला. माझा मोबाईल बी दाव्यानं गळ्यात.

तात्यांच्या घरच्या बनाकाकू करवादल्या, "आता मला बी बांधा खुट्याला!"

"तू कुठं पळून चाललीस?" म्हणत तात्या वळतच ऱ्हायले.

इथं समितीवर संकट आलं. अण्णांच्या घरात रोज सकाळी येकच प्रश्न: "रखमाजी भावजींना जमतंय, तुमाला काय धाड भरलीया?" भाईंच्या घरी बी त्योच सवाल, फकस्त च्या मिळायच्या आधी.

तातडीची बैठक बसली. ठराव: बिडी येकदम सोडल्यानं प्रकृतीस धोका संभवतो, सबब महिना पुरा व्हायच्या दिशी सदर इसमास येक बिडी परीक्षेपोटी देण्यात यावी. बिड्या वढत वढत सर्वानुमते मंजूर (सल्लागाराचा इरोध. नोंद करायला पेन न्हवता).

आमच्याकडं वडीलधाऱ्यानं पेटवून पुढं केलेली बिडी कुणी नाकारत न्हाई. नाकारली की बोलणं तुटलं.

महिना भरला. खालच्या वळणावर भाईंच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. अक्का त्यातच व्हती. अण्णांनी बिडी पेटवली आन् पुढं केली. "घे रखमाजी. माझा मान राख."

तात्यांनी घेतली. दोन बोटांत धरली. अक्का पोरीला घिऊन उतरली आन् जागीच थांबली. "तात्या?"

बिडीचं कसं असतंय, वढली न्हाई की विझती. तात्या बिडीकडं बघत बसले. शेवटचा धूर गेला. मग दोन्ही हातांनी त्यांनी ती अण्णांना परत दिली.

"मान राखला, अण्णा. ही तुमची तुमाला."

अक्कानं तात्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. "निस्ता वाखाचा वास येतोय," म्हणली आन् पोरगी मांडीवर दिली. दुपारी झोळी बांधली, ती बी तात्यांच्याच दाव्यानं.

दुसऱ्या दिशी अण्णांच्या मालकिणीनं तात्यांकडनं चार हात दावं मागून नेलं. तवापास्नं अण्णा तपासणीला आलेले न्हाईत.

सबब, समितीत अध्यक्षाची जागा रिकामी हाय. अनुभवाची अट शिथिल केलीया. जन्मात बिडी वढली नसली तरी चालंल. अण्णांनी बिडी पुढं केली तवा "आता वढतोय बघ गडी" असं ज्याला मनातनं वाटलं, आन् ती विझल्यावर जो जरासा हिरमुसला, त्यो पात्र.

अर्ज करायची गरज न्हाई. पेन घावलाय. तुमचं नाव लिवून ठिवलंय.