सव्वापाचला उठणारी मुलगी

झोपेच्या बाबतीत मी कोणाला हार जाणार नाही! डलूथच्या आमच्या शाळेत कोणालाही विचारा. भूगोलाच्या तासाला उभ्या उभ्या झोपणारी हायडी लिंडक्विस्ट म्हणजे मीच. बर्फ साचून शाळेला सुट्टी मिळाली की बाकीची मुलं घसरगाड्या काढायची, मी दुसरी रजई काढायचे.

म्हणून ओहायोच्या विद्यापीठातून उन्हाळी कार्यक्रमाचं पत्र आलं तेव्हा मी घरभर नाचले. कॉलेजात जायच्या वर्षभर आधीच, उन्हाळ्यात तीन आठवडे कॉलेजच्या होस्टेलवर राहायचं, कॉलेजसारखे तास करायचे! आईला वाटलं, पोरीला शिक्षणाची ओढ लागली. मी मात्र पत्रातली एकच ओळ वाचली होती: तास दहा वाजता सुरू. आणि उठवायला आई नाही! पावणेदहाला उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, दहाला वर्गात. योजना इतकी पक्की की गजराचं घड्याळ मी मुद्दाम घरी ठेवलं.

ही योजना होस्टेलच्या दारापर्यंत टिकली.

दारात मार्लो उभी होती. ती त्याच कॉलेजात शिकणारी, आमच्या मजल्यावर लक्ष ठेवायला नेमलेली. गळ्यात शिट्टी, हातात कागद आणि चेहऱ्यावर स्थळ जमवणाऱ्या मावशीचा आनंद.

"तूच हायडी ना? अगं, तुमची जोडी नव्व्याण्णव टक्के जुळली! या होस्टेलवर असं आजवर झालेलं नाही!"

"कसली जोडी?"

"रूममेटची! सवयींचा फॉर्म भरला होतास ना? त्यावरूनच कॉम्प्युटर जोड्या लावतो." आणि तिनं वीस मुलींसमोर खणखणीत आवाजात वाचायलाच घेतलं. "रोज सव्वापाचला उठते. तीन मैल धावते. गार पाण्यानं आंघोळ करते. उठल्या उठल्या अंथरूण आवरते. उकडलेला कोबी आवडतो!"

मी कसलाही फॉर्म भरला नव्हता! मग मला आठवलं. आई म्हणाली होती, "तू सामान भर, किरकोळ कागदांचं मी बघते." त्या किरकोळ कागदात बाईनं सतरा वर्षांची हौस फेडून घेतली होती!

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या खोलीतून एक उंच मुलगी बाहेर आली. काखेत तीन उशा. ही रेनाटा व्हिलारेआल, टेक्सासमधल्या लरेडोची.

"सव्वापाच?" ती म्हणाली. "वा! मीपण! फक्त मला कोबीऐवजी ब्रोकोली आवडते."

"तोच तो एक टक्का!" मार्लोनं टाळी वाजवली. "हे बघा मुलींनो, ज्यांचं रूममेटशी जमणार नसेल त्यांनी आत्ताच सांगा. एकशे चारमध्ये एक जागा रिकामी आहे."

त्याच वेळी एकशे चारमधून कोणीतरी डुकराचा गळा आवळतंय असा आवाज आला. तिथली मुलगी बॅगपाइपचा रियाज करत होती. मी तोंड मिटलं.

पण नुसत्या बॅगपाइपची भीती नव्हती हो. दहा मिनिटांत रेनाटानं बॅग उघडली. निम्मी बॅग तिखट लावलेल्या आंब्याच्या गोळ्यांनी भरलेली! "खा," म्हणाली. मी खाल्ली, माझ्या नाकातून पाणी आलं, आणि ती इतकी हसली की पलंगावरून घसरली. मग मीही घसरले. डलूथमध्ये बालवाडीपासून माझ्या त्याच अकरा मैत्रिणी. एखादी नवी मुलगी आपल्याला इतकी आवडावी, हे आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. खरं बोलले तर ही माझ्याबरोबर कशाला राहील? मी मनाशी ठरवलं, मरू दे ती झोप, सव्वापाचला उठेन, पण हिला सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला तिचा गजर वाजला.

"झोप झाली?" तिनं विचारलं.

"भरपूर! उलट आज जरा उशीरच झाला."

"हो ना, मी तर पाचपासून जागीच आहे."

हे सगळं दोघींनी डोळे मिटून! धावत लायब्ररीच्या मागे पोचलो तेव्हा ती म्हणाली, "इथं जरा पाय ताणूया?" आम्ही वीस मिनिटं भिंतीला टेकून पाय ताणले. मी तर ताणता ताणता घोरले. ती डोळे मिटून ध्यान करतेय असं मला वाटलं. मग गार पाण्याची आंघोळ. शेजारच्या न्हाणीतून तिच्या किंकाळ्या येत होत्या. काय उत्साह आहे हिचा, असं म्हणून मी दात वाजवत माझा नळ सोडला. जेवणघरात मार्लो कौतुकानं माझ्या ताटात कोबीचा डोंगर वाढायची आणि रेनाटाच्या ताटात ब्रोकोलीचा. आम्ही एकमेकींकडे बघून हसत हसत गिळायचो.

चौथ्या दिवशी मार्लो आमच्याबरोबर धावायला आली. झालं, पाय ताणायचेही बंद! आठवड्याअखेर आमच्यामागे अकरा मुली धावत होत्या आणि फळ्यावर 'सव्वापाच मंडळ' अशी पाटी लागली होती. इकडे रसायनशास्त्राच्या तासाला मी वहीवर झोपले, ते दिवसभर गालावर गंधकाम्लाचं सूत्र घेऊन फिरत होते. रेनाटा वादविवादाच्या तासाला बोलता बोलता मध्येच झोपली. लोकांना वाटलं, काय परिणामकारक थांबली! तिला पहिला नंबर मिळाला.

ही कीर्ती कार्यक्रमाच्या प्रमुख डॉ. पेनिंग्टनबाईंच्या कानावर गेली. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"शनिवारी सगळ्यांचे आईवडील भेटायला येणार आहेत. पहाटे साडेपाचला त्या सगळ्यांना घेऊन धावायचं आणि सर्वांत पुढे तुम्ही दोघी! छान ना?"

"फारच छान!" आम्ही म्हणालो.

शनिवारी माझा धीर सुटला. एक तास झोप मिळाली नाही तर मी आईच्या देखत कोसळणार! गजराच्या आधीच उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी झोपण्यासाठी लवकर उठत होते. रेनाटा डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली दिसली. मी माझी बॅग माझ्या पांघरुणाखाली सरकवली आणि तळघरात गेले. तिथं कपडे धुवायची यंत्रं आहेत, आणि पहाटे नुकत्या वाळवलेल्या चादरींनी भरलेली मोठी चाकांची गाडी असते. ऊबदार! मी सरळ तीत उडी मारली.

"आई गं!" चादरी ओरडल्या.

"रेनाटा? तू इथं काय करतेस?"

"मी? मी चादरी मोजतेय. तू?"

"मी... मदतीला आले."

मग दोघींनी एकदमच एवढी मोठी जांभई दिली की यंत्राचं झाकण वाजलं असावं.

"हायडी, एक सांगू? तू मला खोलीतून काढशील."

"नाही काढणार. बोल."

"मी नाही गं उठत सव्वापाचला! तो फॉर्म माझ्या आईनं भरला. मला ब्रोकोलीच्या वासानंसुद्धा मळमळतं!"

मी तिला घट्ट मिठी मारली. "माझ्यापण आईनंच! आणि मला कोबी बघवत नाही!"

हसलो, रडलो, पुन्हा हसलो. आता उद्यापासून थेट पावणेदहा, असं ठरलं आणि आम्ही तिथंच झोपलो.

वर मार्लोनं आमची पांघरुणं ओढली. एका पलंगावर बॅग, दुसऱ्यावर तीन उशा! तिनं शिट्टी फुंकली. "मुली पळाल्या!" धावायचे बूट घालून जमलेले साठ आईवडील आमच्या नावानं हाका मारत चारी दिशांना सुटले. कोणी लायब्ररीच्या छतावर चढलं, कोणी तळ्यात उतरलं, कोणी घाबरून आगीची घंटा ओढली. बंबासकट चार जवान आले. ही घंटा आमच्या डोक्यावरच होती, पण आम्हाला पत्ता नाही. शेवटी साडेआठला तळ्यात उतरलेले एक गृहस्थ चिखलाची विजार धुवायला तळघरात आले, तेव्हा आम्ही सापडलो.

डोळे उघडले तर गाडीभोवती सगळं गाव जमलेलं! डॉ. पेनिंग्टनबाईंच्या हातात आमचे फॉर्म होते. "सव्वापाच. तीन मैल. हे कोणी लिहिलं?"

माझी आई छताकडे बघत होती. तिच्या शेजारी रेनाटाची आई, तीही छताकडेच!

"मी खोटं नाही लिहिलं," शेवटी आई म्हणाली. "मी आशा लिहिली."

"अगदी माझ्या मनातलं बोललात ताई!" रेनाटाची आई म्हणाली, आणि त्या दोघींनीही एकमेकींना मिठी मारली. त्यांची जोडी तर शंभर टक्के जुळली.

राहिलेला आठवडा आम्ही राणीसारखा काढला. मंडळाच्या अकरा मुलींनी येऊन आभार मानले. मार्लोसुद्धा नऊपर्यंत झोपू लागली.

निघताना आम्ही शपथ घेतली, पुढच्या वर्षी याच कॉलेजात, एकाच खोलीत. आणि फॉर्म ज्याचा त्यानं भरायचा! दोघींनाही प्रवेश मिळाला. मी एकेक ओळ खरी लिहिली: 'उठायची वेळ: चार हाका मारल्यास पावणेदहा.' मग निकाल आला. आमची जोडी तीन टक्के जुळली होती! मी रेनाटाला फोन लावला.

"काय लिहिलंस तू फॉर्ममध्ये?"

"अगं..." तिचा आवाज रडवेला झाला. "फॉर्मची मुदत सकाळी नऊपर्यंत होती. मी झोपले होते गं! आईनं मला उठवलं नाही. तिच्याकडे जुना फॉर्म होता, तोच पाठवला."

तर आता रेनाटा कॉलेजच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. तिची रूममेट खरोखरच सव्वापाचला उठते आणि हिलाही ओढत धावायला नेते. बाकी दिवसभर आमच्या तासांच्या वेळा जुळत नाहीत. ती भेटते फक्त पहाटे, लायब्ररीच्या मागे.

म्हणून मी रोज सव्वापाचला उठते. तीन मैल धावते. तुम्हाला म्हणून सांगितलं, पण माझ्या आईच्या कानावर हे जाऊ देऊ नका. कोबी मी अजून खात नाही!