शिरगावच्या पत्रिकांचा लगदा

टप्. पडवीतल्या शांततेत चाळणीतून एक थेंब घमेल्यात पडला. शाळेपासूनच्या तिघी मैत्रिणी श्वास रोखून चाळणीवर वाकल्या होत्या. हातकागद करायला शिकण्यात सारिकाने चार रविवार घातले होते. आज पवनानगरला उज्ज्वलाच्या घरी दिवस घालवायला आलेली ती हीच विद्या मैत्रिणींना शिकवत होती. रद्दी भिजवायची, मिक्सरला लगदा करायचा, चाळणीवर पसरायचा. सोपं!

"हे सोनेरी काय गं चमकतंय?" राजेश्वरीने विचारलं.

उज्ज्वलाने बोटाने लगदा सारला. आधी सोंड निघाली, मागोमाग मोदक.

"अगं बाई! विकासभावजींच्या लग्नाच्या पत्रिका!"

रद्दीची आणि पत्रिकांची पिशवी एकाच साडीच्या दुकानातली; भलतीच उचलली गेली होती. फाडायचं काम सारिकाच्या सहा वर्षांच्या हिराकडे होतं. तिने ते जीव लावून केलं, आणि गप्पांच्या नादात तिघींनी वर पाणी ओतलं. धपाटा मात्र एकट्या हिराला बसला, कारण सारिकाच्या हाताशी तीच होती.

"शिरगावच्या भावकीच्या एकवीस होत्या," उज्ज्वला मटकन बसली. "पाचला आबा येतायत जीप घेऊन, वाटायला. मागच्या लग्नात आत्याबाईंना नुसता फोन केला, तर अजून बोलत नाहीत आमच्याशी. आता अख्खी भावकी रुसली, की सुनेचंच नाव निघणार!"

"रडतेस काय? कागद कुठं पळालाय? इथंच आहे. ओला आहे, एवढंच," सारिका ओढणी खोचत म्हणाली. "आणि लिहायला राजेश्वरी आहे. दहा वर्षं शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहितेय."

"सुविचारात कुणाचा मानपान नसतो गं! आधी चुलते लिहू का मामा?"

"चुलते! मामा लिहिलास तर लग्नच मोडेल," उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली.

पत्र्यावर कागद वाळले, इस्त्री फिरली, राजेश्वरीचं अक्षर उमटलं, कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं. बावीस निघाल्या. एकीत गणपतीची सोंड तेवढी तळाशी चिकटली होती.

"ही घरच्या देवापुढं ठेव. तो रुसत नाही," सारिकाने निकाल दिला.

पाचला उज्ज्वलाचे सासरे केरबाआबा आले. त्यांनी पत्रिकेवरून अंगठा फिरवला, वास घेतला.

"छापखाना बंद पडला का काय?"

"नाही आबा, हातानं केल्या. भावकीसाठी... खास."

"व्हय? बरं." जीप गेली.

साडेसहाला फोन आला. उज्ज्वलाने स्पीकर लावला आणि डोळे मिटले.

"सूनबाई, लय कवतिक झालं शिरगावात! पन वराळ्याच्या भावकीला काल छापील पोचल्याल्या; तिकडं फोन गेला, अन् ती बिघडली. 'शिरगावला हातानं केल्याली, अन् आमाला दुकानातली?' म्हनत्यात."

"मग आता, आबा?"

"मग काय! त्यांच्या समद्या छापील माघारी घिऊन येतूय. पानी तापवा!"

अंधार पडायच्या आत आबा पिशवी घेऊन हजर. कोऱ्या करकरीत पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी हिरापुढे ठेवला. "फाड गं पोरी. बारीक फाड, शाब्बास!"

सारिका मिक्सरचं भांडं धुऊन रुबाबात बाहेर आली. हिराने गठ्ठ्याला बोटही लावलं नव्हतं. दोन्ही हात पाठीमागे धरून ती आईकडे बघत होती.

"आई, मग मघाशी मला का मारलंस?"